हँडलचा नियम

४ फेब्रुवारी

झाले एकदाचे मंत्री!

शपथ घेताना पहिल्याच वाक्याला ह्यांचा आवाज फुटला. यार्डाच्या गेटसभेत कर्णा बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज — आणि त्या गालिच्याच्या दालनात घसा बसला! मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांच्या नवऱ्याला कुठलंच खातं मिळालं नव्हतं, तरी दिला. मनाच्या मोठ्या असाव्यात.

कोटाची वेगळीच गंमत. मापं घेताना शिंपी पुन्हा पुन्हा फीत लावून बघत होता. शेवटी म्हणाला, साहेबांचा डावा खांदा खाली आहे. असणारच. अर्धं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून बाहेर वाकून बावटा दाखवण्यात गेलं. शिंप्याने त्या खांद्यात कापूस भरला. आता मंत्री म्हणून सरळ दिसतात.

खातं रेल्वेचंच. थोरले साहेब (सरकारचे प्रमुख, त्यांना सगळे असंच म्हणतात) चहाच्या वेळी मला म्हणाले, “तुमच्या यजमानांशिवाय त्या लोकांची भाषा कोणाला कळणार?” त्या लोकांची! मी स्वतः त्या लोकांतली. रोज स्टेशनवर कर्ण्यातून गाड्या पुकारते. पण हातात कप होता, म्हणून गप्प बसले.

धाकटा (माझा भाऊ) आईला घेऊन आला होता. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून होती. बाबांचं नाव तिने काढलं नाही. निघताना ह्यांची बाही नीट केली आणि म्हणाली, “जावईबापू, खुर्ची मऊ आहे. जपून बसा.”

६ फेब्रुवारी

ह्यांची युनियनच्या अध्यक्षाची जागा रिकामी झाली ती घरातच भरली — धाकटा, बिनविरोध! माझा भाऊ म्हणून नव्हे. डबे जोडणाऱ्यांत त्याच्याइतकं तोंड चालवणारा दुसरा कोणी नाही. कँटीनमध्ये म्हणतात, आता मेहुणा विरुद्ध भाऊजी. म्हणू देत. दोघांनाही जेवायला मीच वाढते.

११ फेब्रुवारी

बंगला. चष्मा कुठल्या खोलीत ठेवला हे आठवण्यातच सकाळ जाते.

सचिव आले होते. ह्यांच्या खात्याचे. गोड बोलतात आणि बुटांचा आवाज न करता चालतात. इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आले — मंत्र्यांच्या पत्नीने आता कर्ण्यावर गाड्या पुकाराव्यात का? आवाज सगळ्या शहराच्या ओळखीचा आहे, बरं दिसत नाही. मी म्हटलं, शहर मला ह्यांच्या आधीपासून ओळखतं. ते ह्यांच्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, “हिला नोकरी सोड म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मी तोवर बागेत थांबतो.”

नोकरी शाबूत. फक्त गाडीतून सोडतो म्हणून ड्रायव्हर मागे लागतो. मी कोपऱ्यावर उतरून चालत जाते.

३ एप्रिल

हे खुशीत आहेत. लिहून ठेवते, कारण अशा वेळी माणूस लिहीत नाही आणि मग वाटतं की सगळं वाईटच होतं.

सिग्नलच्या केबिनमधल्या बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली. किती वर्षांची मागणी! मीच कितीदा मोर्चात ओरडले होते. गार्ड आणि ड्रायव्हर जिथे झोपतात तिथल्या गाद्या बदलल्या. फायली आणतात घरी, लाल पेन्सिलने वाचतात. कठीण शब्द आला की मला हाक मारतात, “अगं, हे ‘यथोचित’ म्हणजे करायचं की नाही करायचं?” मी सांगते — नाही करायचं.

जुने दोस्त मात्र बंगल्याच्या फाटकातूनच परत जातात. पहारेकरी नाव विचारतो, काम विचारतो, एवढ्यावर त्यांचा पारा चढतो. हे स्वतः बाहेर जाऊन एकाला आत घेऊन आले. तो सोफ्यावर बसेना. उभ्या उभ्या चहा पिऊन गेला. हे मग बराच वेळ खिडकीत होते.

१५ जून

कुरबुर सुरू. थोरल्या साहेबांच्या डोक्यात काटकसर आली आहे. डबे जोडणाऱ्यांतले जे निवृत्त होतील त्यांच्या जागा भरायच्या नाहीत. म्हणजे चार माणसांचं काम तिघांनी करायचं, मग दोघांनी. ह्यांनी बैठकीत विरोध केला म्हणे. “म्हणे” का लिहिलं मी? केला असेलच.

२१ जून

धाकटा जेवायला आला. मी मुद्दाम बोलावलं. चूक झाली.

आमटी वाढेपर्यंत ठीक होतं. मग त्याने विचारलं, भाऊजी, जागा भरणार की नाही? हे म्हणाले, थोडा वेळ दे, आतून प्रयत्न चाललाय. धाकटा म्हणाला, हे वाक्य तुम्हीच आम्हाला शिकवलंत. साहेब “थोडा वेळ द्या” म्हणाला की समजायचं, नाही म्हणाला! हे हसले, पण खरं हसू नव्हतं. धाकट्याने भात टाकला, जो तो लहानपणापासून कधी टाकत नाही.

जाताना मला दारात म्हणाला, “ताई, राग नको धरू. मी त्यांच्याशी भांडत नाहीये, मंत्र्यांशी भांडतोय.” मी म्हटलं, मंत्र्यांची उशी माझ्या उशीशेजारी असते, मला फरक कसा कळायचा? तो खजील झाला.

२ जुलै

सुरू झालं. संप नाही — नियमानुसार काम. ह्यांनीच काढलेलं हत्यार. संप केला तर नोकरी जाते, पण नियम पाळला म्हणून कोणाला काढणार? आणि रेल्वेचे सगळे नियम सगळ्यांनी पाळले तर रेल्वे जागची हलत नाही.

धाकट्याने त्यातला नेमका हँडलचा नियम काढला. बाबांचा.

बाबा दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून साखळी अडकवत होते. ड्रायव्हरला वाटलं झालं काम. इंजिन हललं. मी शाळेत होते, धाकटा आईच्या कडेवर. हे तेव्हा नुकतेच गार्ड झालेले, गाडी ह्यांचीच होती. तिथून पेटले. यार्ड थांबवलं, तुरुंगात गेले, नोकरी जाता जाता राहिली, पण नियम करून घेतला — माणूस डब्यांच्या मध्ये उतरणार असेल तर आधी गार्डाने चालत इंजिनापर्यंत जायचं आणि ड्रायव्हरकडून हँडल काढून घ्यायचं. हँडल नाही तर इंजिन हलूच शकत नाही. माणूस बाहेर आला की मगच ते परत द्यायचं. ते भांडण इतकी वर्षं चाललं की नियम छापून आला तेव्हा मी शाळा संपवून नोकरीला लागले होते. छापील पान आईला दाखवायला हे घरी आले. चहा मी दिला. पुढचं सगळ्या यार्डाला माहीत आहे.

आज प्रत्येक गार्ड चालत इंजिनापर्यंत जातोय आणि चालत परत येतोय. सगळ्या गाड्या खोळंबल्यात.

५ जुलै

घसा गेला. दिवसभर एकच — “तांत्रिक कारणामुळे गाडी उशिराने सुटेल, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” भाऊ गाड्या थांबवतो, नवरा त्याबद्दल शिव्या खातो आणि माफी मागते मी! असं कुटुंब दुसरं नसेल.

स्टेशनमास्तरांनी खडीसाखर दिली. बिचारे स्वतःही युनियनचेच, पण चेहरा सरकारी ठेवावा लागतो.

९ जुलै

हे थोरल्या साहेबांकडून आले ते सरळ खुर्चीत बसले, बूटसुद्धा काढले नाहीत. थोरल्या साहेबांचं म्हणणं, म्होरक्यांना बडतर्फ करा. पहिलं नाव धाकट्याचं. ह्यांनी साफ नकार दिला. “माझ्या सहीने एका माणसाचीही भाकरी जाणार नाही,” म्हणाले. मग आठवड्याची मुदत मिळाली. आठवड्यात गाड्या वेळेवर, नाहीतर दुसरा कोणीतरी सही करेल.

मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की बूट मीच काढले. लग्नानंतर पहिल्यांदा.

११ जुलै

बूट काढले ते काढले, पुन्हा नाही!

आज सांगितलं मला, चहा पिता पिता. तोडगा सापडलाय. कोणालाच काढायचं नाही. फक्त हँडलचा नियम रद्द. नियमच नाही तर नियमानुसार काम कशाचं करणार? गार्डांना वॉकीटॉकी देणार, त्यावर बोलून कळवायचं. धाकट्याची नोकरी वाचते, गाड्या सुटतात, सरकार खूश. सोमवारी आदेश निघेल. हे अगदी शांतपणे सांगत होते, जणू मला बरं वाटावं म्हणून.

मी म्हटलं, तुमच्या मनात आलं तरी कसं? बाबांच्या रक्तातून निघालेला नियम आहे तो!

तर म्हणाले — आणि हे मला आयुष्यभर विसरता येणार नाही —

“तो नियम पाळतं कोण? मी गार्ड होतो, मला विचार. सुरुवातीला पाळला. मग गाड्या वाढल्या. लांबूनच हात हलवायचा, ड्रायव्हरने मान डोलवायची, की माणूस आत उतरला. आजही तसंच चालतं. बाबांचा नियम फक्त भांडणाच्या दिवसांत बाहेर निघतो.”

मी कप आपटला नाही. हळूच ठेवला. त्याचंच मला नवल वाटतंय.

१२ जुलै

ड्यूटी संपल्यावर तशीच यार्डामागच्या क्वार्टर्समध्ये गेले. धाकटा सुट्टीवर होता, आईजवळ बसून बटाटे सोलत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, एरवी हँडल काढून घेतात की नाही?

तो बटाट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नाही घेत ताई. घेतलं तर वेळापत्रक पाळता येत नाही. वेळ चुकली की लगेच कारणे दाखवा. नियम चुकला तर कोणी विचारत नाही.” मी म्हटलं, म्हणजे तूही रोज तसाच आत उतरतोस? तो म्हणाला, सगळेच उतरतात.

आईने सुरी खाली ठेवली. बाबा गेल्यावर तिने माझ्यासमोर कधी आवाज चढवलेला नाही, आजही नाही चढवला. म्हणाली, “म्हणजे दोन तारखेपासूनच काय ती तू जिवंत घरी येशील याची खात्री होती. मग हे भांडण मिटवू नकोस. चालू दे जन्मभर.”

मग धाकट्याने उरलेले बटाटे सोलले. मी दोघांवरही चिडले आहे, ह्यांच्यावर आणि त्याच्यावर. एक जण नियम मारायला निघालाय आणि दुसरा त्याला फक्त भांडणापुरता जिवंत ठेवतोय.

१३ जुलै

ह्यांच्याशी बोलत नाहीये. हे वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. मुद्दाम. मी हसले नाही.

१४ जुलै, रविवार

उद्या आदेश.

विचारलं एकदाच, पाळायला वेळ लागतो तर तो वेळ वेळापत्रकात का नाही घालत? ह्यांनी समजावून सांगितलं — प्रत्येक गाडीला थोडा थोडा वेळ दिला तर दिवसाच्या गाड्या कमी होतात, थोरले साहेब ऐकणार नाहीत, उलट मला मंत्रिपदावरून काढतील. मी म्हटलं, काढू देत. हे म्हणाले, “आणि माझ्यानंतर जो येईल तो धाकट्याला पहिल्या दिवशी काढेल.” तेही खरंच होतं.

१५ जुलै

काय करून बसले मी!

सकाळची मोठी गाडी. आमच्याकडे इंजिन बदलतं, म्हणून उभी. फलाट माणसांनी भरलेला. खिडकीतून मला गार्ड दिसत होता, हातात हँडल घेऊन उभा. मी कर्णा चालू केला, नेहमीचा कागद समोर होता. “तांत्रिक कारणामुळे” एवढं तोंडापर्यंत आलं आणि पुढे जाईना. मग आवाज आला तो माझाच होता —

“इंजिन जोडणारा माणूस डब्यांच्या मध्ये उतरला आहे. तो सुखरूप बाहेर येईपर्यंत इंजिनाचं हँडल गार्डाच्या हातात राहील. म्हणून गाडी उशिरा सुटेल. त्याबद्दल आम्ही दिलगीर नाही.”

घड्याळाकडे बघणारी माणसं इंजिनाकडे बघायला लागली. इतक्यात काचेवर टकटक. एक वयस्कर बाई, हातात पिशवी. मला वाटलं, आता उशिराबद्दल खरडपट्टी. त्या म्हणाल्या, “अहो, म्हणजे एरवी हँडल कोणाच्या हातात असतं?”

त्यांच्यामागे उभ्या असलेल्यांनीही तो प्रश्न ऐकला. मग त्यातल्या एकाने तो मोठ्याने विचारला.

१६ जुलै

बंगल्यावर येणाऱ्या तिन्ही वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर — एरवी हँडल कोणाच्या हातात असतं?

स्टेशनमास्तरांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली आणि वर पुन्हा खडीसाखर दिली. सचिव बंगल्यावर आले, आज बुटांचा आवाज येत होता. आदेश कालच निघायचा होता, तो ह्यांच्या टेबलावर सहीविना पडून आहे. आता ह्या प्रश्नानंतर नियम रद्द करायचा म्हणजे उघड उघड उत्तर देणं झालं. कोणाच्याच नाही!

थोरल्या साहेबांचा फोन आला तो मी ऐकला, कारण तो घरभर ऐकू येत होता. “आधी बायको आवरा.” ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसले. आता होणार, म्हटलं. तर विचारलं, ते वाक्य कोणी लिहून दिलं? मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, “इतकी वर्षं भाषणं केली मी. असं एक वाक्य नाही सुचलं.”

मला रडू फुटलं. किती दिवसांनी बोललो.

१८ जुलै

हे सकाळीच घराबाहेर पडले, ड्रायव्हरला न घेता. दुपारी आले तेव्हा कोटाच्या दोन्ही बाह्यांना काळं वंगण. विचारलं तर म्हणाले, यार्डात गेलो होतो, आंघोळीला पाणी काढ. बस एवढंच.

बाकीचं धाकट्याकडून कळलं. हे गेले, गार्डाला बाजूला केलं, म्हणाले ही गाडी माझी. चालत इंजिनापर्यंत गेले, हँडल घेतलं, परत आले. डब्यांच्या मध्ये उतरायची पाळी धाकट्याची होती. त्याने साखळी अडकवली, बाहेर आला, म्हणाला, झालं भाऊजी. हे हलेनात. हँडल दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. “झालं, मी बाहेर आहे,” त्याने परत सांगितलं. तरी नाही. शेवटी त्याने हात धरला तेव्हा भानावर आले. हे सांगताना धाकटा मला नजर देत नव्हता.

मी कोट धुवायला टाकला नाही. काय करावं कळलंच नाही त्याचं.

२० जुलै

सभागृहात आज ह्यांनी उभं राहून जाहीर केलं. नियम राहणार. तो रोज पाळला जाणार. त्यासाठी लागणारा वेळ पहिल्या तारखेपासून प्रत्येक गाडीच्या वेळापत्रकात घातला जाईल आणि डबे जोडणाऱ्यांच्या रिकाम्या जागा भरल्या जातील. थोरल्या साहेबांना विचारलं नव्हतं. ते शेजारीच बसले होते! आवाज अजिबात फुटला नाही, म्हणे. (हे “म्हणे” खरं. मी ड्यूटीवर होते.)

दुपारी गेटवर धाकट्याने आंदोलन मागे घेतल्याचं सांगितलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि तो वरून ओरडत होता — मला नाही, भाऊजींना उचला!

संध्याकाळी सगळे आईकडे. धाकट्याने दोनदा भात घेतला. ह्यांच्या ताटात आईने स्वतः वाढलं, मला हात लावू दिला नाही.

२४ जुलै

राजीनामा मागितला. दिला. पाच महिने आणि वर थोडे दिवस. ह्यांना मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, हो. खूप. मला ते खोटं “छे छे” म्हणाले नाहीत हे आवडलं.

२७ जुलै

बंगला सोडला. सचिव निरोपाला आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “माझा मुलगा त्याच सकाळच्या गाडीने जातो. तुमचं वाक्य त्याने घरी येऊन सांगितलं.” नोटिशीचं काय ते विचारलं नाही मी. त्यांनीच सांगितलं, ती फाइल कुठे गेली कोणाला सापडत नाहीये. माणसाला एकदम वाईट ठरवू नये.

स्टेशनमागे दोन खोल्या घेतल्या. चष्मा हाताशी असतो. गाड्यांचा आवाज येतो तशी ह्यांना झोप चांगली लागते. पण दिवसभर काय करायचं कळत नाही त्यांना. आज कांदा चिरायला घेतला आणि मला कामाचे तास, विश्रांती ह्यावर भाषण दिलं.

३० जुलै

वाईट बातमी. नवं वेळापत्रक “फेरविचारासाठी” थांबवलंय. हे म्हणाले, यथोचित फेरविचार असेल. मला अर्थ माहीत आहे.

धाकट्याचा पत्ता नाही. आई सांगत होती, थोरल्या साहेबांची गाडी त्याला न्यायला आली, कालही आली. हे म्हणाले, वेळापत्रकासाठी भांडायला गेला असेल, खमका आहे तो. यार्डातली माणसं मात्र ह्यांच्याकडे आली. खोलीत मावेनात, जिन्यात उभी होती. गेटसभा घ्यायची म्हणतात आणि अध्यक्ष सापडत नाही, तर तुम्ही बोला. हे नाही म्हणाले. मग म्हणाले, बघू. त्यांचं “बघू” मी ओळखते, कोटाकडे बघून म्हणाले.

२ ऑगस्ट

धाकट्याने शपथ घेतली. रेल्वेखातं.

दुपारी त्याचा फोन. आवाज बसलेला. “ताई, भाऊजींना दे. कशावर सही करायची नाही, तेवढं आधी विचारून घेतो.”

म्हटलं, ते घरी नाहीत. गेटवर सभेला गेलेत. तुझ्याविरुद्ध.

मग म्हणाला, “माणसं किती जमलीत?”